क्लाउडशिवाय क्लाउड: डेटाबेस असलेलं वेब ॲप आपल्याच लॅपटॉपवर एम्युलेटरमध्ये कसं चालवायचं?

फोनवर एखादं ॲप उघडलं की समोर दिसतो तो फक्त चेहरा. लॉगिन तपासणं, माहिती साठवणं, हिशोब करणं ही सगळी कामं दूर कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर होतात. त्यालाच आपण क्लाउड म्हणतो. स्वतःचं पहिलं ॲप बनवणाऱ्याला इथेच अडचण येते. कोड लिहायला पैसे लागत नाहीत, पण क्लाउडवर टाकायचं म्हटलं की कार्डचा नंबर मागतात. शिवाय कोडमध्ये काही चुकलं तर बिल किती येईल, ही धास्ती असतेच.

यावर सोपा उपाय आहे: लोकल क्लाउड एम्युलेटर. या लेखात तो काय असतो, त्यावर डेटाबेस असलेलं ॲप कसं चालवायचं, ते स्वतःच्या फोनवर कसं उघडायचं आणि एम्युलेटरवर कुठे विश्वास ठेवायचा नाही, हे क्रमाने बघू. उदाहरणासाठी गूगलच्या फायरबेसचा लोकल एम्युलेटर सूट घेतला आहे. तो मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतो.

आधी एक सूचना: कमांड आणि फाइलची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत टाका.

## एम्युलेटर म्हणजे नक्की काय?

पीसीवर मोबाइल गेम खेळण्यासाठी एम्युलेटर वापरतात, हे तुम्हाला माहीत असेल. तिथे कॉम्प्युटर फोन असल्याचं सोंग घेतो. क्लाउड एम्युलेटरमध्ये तुमचा लॅपटॉप क्लाउड असल्याचं सोंग घेतो. ॲप "हा डेटा साठव" म्हणून जी रिक्वेस्ट पाठवतं, ती इंटरनेटवर न जाता त्याच लॅपटॉपवरच्या एका पोर्टवर जाते. तिथे बसलेला प्रोग्राम खऱ्या क्लाउडसारखंच उत्तर देतो. ॲपला फरक कळत नाही.

फायरबेसच्या सूटमध्ये प्रत्येक सेवेचा वेगळा एम्युलेटर आहे आणि प्रत्येकाचा ठरलेला पोर्ट आहे:

- फायरस्टोअर (डेटाबेस): ८०८०
- ऑथेंटिकेशन (लॉगिन): ९०९९
- फंक्शन्स (सर्व्हरवरचा कोड): ५००१
- होस्टिंग (वेबसाइटची पानं): ५०००
- एम्युलेटर यूआय (सगळं बघायचं पान): ४०००

पोर्ट म्हणजे एकाच इमारतीतले वेगवेगळे फ्लॅट नंबर समजा. पत्ता एकच, पण कोणाचं दार वाजवायचं ते नंबरवरून ठरतं.

फायरबेस ही कंपनी २०११ मध्ये सुरू झाली आणि २०१४ मध्ये गूगलने ती विकत घेतली. फायरस्टोअर हा तिचा नवा डेटाबेस २०१७ मध्ये आला. त्यात टेबल नसतात. 'कलेक्शन' नावाचे गठ्ठे असतात आणि प्रत्येक गठ्ठ्यात 'डॉक्युमेंट' नावाचे कागद असतात, एवढं सध्या पुरे.

## उदाहरणाचं ॲप: मेस हजेरी

समजा हॉस्टेलच्या मेसमध्ये २०० मुलं जेवतात. शनिवार-रविवार निम्मी मुलं गावी जातात आणि भाजी फुकट जाते. म्हणून एक वेब ॲप बनवायचं: मुलांनी आदल्या दिवशी 'जेवायला आहे' किंवा 'नाही' दाबायचं आणि मेसवाल्या काकांना एकूण आकडा दिसायचा.

डेटाबेसमध्ये तीन कलेक्शन लागतील:

- विद्यार्थी: नाव, खोली नंबर, मोबाइल नंबर
- हजेरी: कोणी, कोणत्या तारखेला, आहे की नाही
- एकूण: प्रत्येक तारखेचं एक डॉक्युमेंट, त्यात फक्त आकडा

मुलाने बटण दाबलं की 'हजेरी'मध्ये नोंद होते. ती झाली की सर्व्हरवरचं एक फंक्शन आपोआप जागं होतं आणि 'एकूण'मधला आकडा बदलतं. ॲप छोटं आहे, पण यात लॉगिन, डेटाबेस आणि सर्व्हरचा कोड असं तिन्ही आलं. शिवाय २०० जणांचे मोबाइल नंबर आपल्या हातात आले. ते सांभाळणं ही आपली जबाबदारी आहे. त्याबद्दल पुढे बोलूच.

## थेट क्लाउडवरच का नाही टाकायचं?

तीन कारणं आहेत.

पहिलं, मोफत कोटा. फायरबेसच्या मोफत 'स्पार्क' प्लॅनमध्ये फायरस्टोअरसाठी दिवसाला ५०,००० रीड, २०,००० राइट आणि २०,००० डिलीट मिळतात. ऐकायला भरपूर वाटतं, पण हिशोब करून बघा. प्रत्येक मुलाच्या स्क्रीनवर एकूण आकडा दाखवण्यासाठी ॲपने त्या दिवसाची सगळी २०० हजेरी डॉक्युमेंट वाचली, तर २०० मुलांनी एकदा ॲप उघडल्यावर २०० गुणिले २००, म्हणजे ४०,००० रीड होतात. सगळ्यांनी दुसऱ्यांदा उघडलं की ८०,०००. कोटा संपला. मोफत प्लॅनमध्ये कोटा संपला की डेटाबेस उत्तर देणं थांबवतो आणि कोटा पुन्हा भरतो तो अमेरिकेतल्या पॅसिफिक वेळेच्या मध्यरात्री. म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबारा किंवा दीडच्या सुमारास.

तेच 'एकूण'मधलं एक डॉक्युमेंट आणि स्वतःची एक नोंद, एवढंच वाचलं तर २०० मुलांचे होतात फक्त ४०० रीड. ही सुधारणा लॅपटॉपवर असतानाच सुचायला हवी.

दुसरं, न थांबणारं फंक्शन. समजा तुमचं फंक्शन 'हजेरी'मध्ये बदल झाला की चालतं आणि चालताना त्याच हजेरीच्या डॉक्युमेंटमध्ये 'शेवटचा बदल' म्हणून वेळ लिहितं. झालं! वेळ लिहिली म्हणजे डॉक्युमेंट बदललं, म्हणून फंक्शन पुन्हा चालतं, पुन्हा वेळ लिहितं, पुन्हा चालतं. एका मुलाने एकदा बटण दाबलं की हे चक्र सुरू. एम्युलेटरवर टर्मिनलमध्ये ओळी धबधब्यासारख्या पळताना दिसतात, तुम्ही कंट्रोल आणि सी दाबता आणि विषय संपतो. खऱ्या क्लाउडवर मात्र प्रत्येक फेरीचा मीटर पडतो. क्लाउड फंक्शन्स वापरायला 'ब्लेझ' हा वापराप्रमाणे पैसे घेणारा प्लॅन लागतो. त्यात महिन्याला पहिले २० लाख कॉल मोफत असतात, पण न थांबणाऱ्या चक्रापुढे तो आकडा टिकत नाही. आणि एक गैरसमज काढून टाका: बजेट अलर्ट लावला म्हणून खर्च थांबत नाही. अलर्टने फक्त ईमेल येतो, मीटर चालूच राहतो.

तिसरं, उघडा डेटाबेस. नवीन डेटाबेस 'टेस्ट मोड'मध्ये सुरू केला तर ३० दिवस तो कोणालाही वाचता-लिहिता येतो. "नंतर बघू" म्हणून ठेवलेला टेस्ट मोड म्हणजे २०० जणांचे नंबर रस्त्यावर मांडल्यासारखं आहे.

एम्युलेटरवर या तिन्ही गोष्टी बिनधास्त करून बघता येतात. फंक्शन्ससाठी ब्लेझ प्लॅनही लागत नाही, म्हणजे कार्डही लागत नाही.

## पायरी १: लॅपटॉपवर काय लागेल?

- नोड जेएस: अधिकृत साइटवरून एलटीएस व्हर्जन घ्या.
- जावा: फायरस्टोअरचा एम्युलेटर जावावर चालतो. जुना जावा असेल तर नवा टाका, नाहीतर सुरुवातीलाच एरर येईल.
- फायरबेस सीएलआय: टर्मिनलमध्ये 'एनपीएम इन्स्टॉल', मग 'डॅश जी', मग 'फायरबेस-टूल्स'.

पहिल्यांदा एम्युलेटरच्या फाइल डाउनलोड होतात, तेव्हा इंटरनेट लागतं. त्यानंतर ॲपची रोजची चाचणी नेट नसतानाही चालते. गावी रेंज नाही म्हणून प्रोजेक्ट अडून राहिला, हे कारण आता चालणार नाही!

## पायरी २: प्रोजेक्टचं फोल्डर तयार करा

रिकामं फोल्डर करून त्यात 'फायरबेस इनिट' चालवा. लॉगिन मागितलं तर गूगल खात्याने करा. यादीतून फायरस्टोअर, फंक्शन्स, होस्टिंग आणि एम्युलेटर्स निवडा. कोणता क्लाउड प्रोजेक्ट जोडायचा असं विचारेल, तेव्हा 'सध्या कोणताच नको' हा पर्याय घ्या. एम्युलेटरच्या यादीत ऑथेंटिकेशनही निवडायला विसरू नका.

यानंतर फोल्डरमध्ये 'फायरबेस डॉट जेसन' नावाची फाइल दिसेल. कोणता एम्युलेटर कोणत्या पोर्टवर चालणार, हे तिच्यात असतं. पोर्ट आधीच दुसऱ्या प्रोग्रामने घेतला असेल तर इथेच आकडा बदलायचा. नव्या मॅकबुकवर ५००० हा पोर्ट एअरप्ले रिसीव्हरकडे असतो, त्यामुळे मॅकवाल्यांना हा बदल बऱ्याचदा करावा लागतो.

## पायरी ३: नाव 'डेमो' पासून सुरू करा

ही पायरी छोटी आहे, पण सगळ्यात जास्त वाचवणारी आहे. एम्युलेटर सुरू करताना प्रोजेक्टचं नाव 'डेमो-' ने सुरू होणारं द्या, उदाहरणार्थ 'डेमो-मेस'. ॲपच्या कॉन्फिगमध्येही प्रोजेक्ट आयडी तोच ठेवा.

असं नाव दिलं की फायरबेसला कळतं की या प्रोजेक्टमागे खरा क्लाउड नाही. याचा फायदा असा: डेटाबेस एम्युलेटरला जोडला आणि फंक्शन्स जोडायला विसरलात, तर ती रिक्वेस्ट खऱ्या क्लाउडकडे जायला बघते आणि फेल होते. खऱ्या प्रोजेक्टचं नाव असतं तर ती मुकाट्याने खऱ्या डेटापर्यंत पोहोचली असती. चूक झाल्यावर एरर येणं हे चूक झाल्यावर काहीच न कळण्यापेक्षा कधीही बरं.

## पायरी ४: ॲपला एम्युलेटरचा पत्ता द्या

ॲप डीफॉल्टने खऱ्या क्लाउडकडेच जातं. त्याला वळवावं लागतं. फायरबेसच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत त्यासाठी प्रत्येक सेवेचं एक फंक्शन आहे: 'कनेक्ट फायरस्टोअर एम्युलेटर', 'कनेक्ट ऑथ एम्युलेटर' आणि 'कनेक्ट फंक्शन्स एम्युलेटर'. त्यांना होस्ट आणि पोर्ट द्यायचा. दोन नियम पाळा:

1. ही फंक्शन्स ॲप सुरू होताच बोलवा. डेटाबेसमधून एकदा काही वाचल्यावर मग वळवायला गेलात तर एरर येते.
2. ती 'एम्युलेटर वापरायचा का' या एका सेटिंगच्या आत ठेवा. डेव्हलपमेंटमध्ये 'हो', खऱ्या बिल्डमध्ये 'नाही'.

ऑथ एम्युलेटर जोडलेला असेल तर पानाच्या तळाशी एम्युलेटर मोडची इशारा देणारी पट्टी दिसते. ती त्रासदायक वाटते म्हणून लपवू नका. खऱ्या साइटवर ती दिसली, तर बिल्ड चुकलंय हे लगेच कळेल.

## पायरी ५: सुरू करा

'फायरबेस एम्युलेटर्स', मग कोलन, मग 'स्टार्ट' आणि सोबत प्रोजेक्टचं नाव. थोड्या वेळात टर्मिनलमध्ये पोर्टची यादी येईल. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट ५००० वर तुमचं ॲप आणि लोकलहोस्ट ४००० वर एम्युलेटर यूआय उघडेल.

आता लॉगिन करून बघा. मोबाइल नंबरने लॉगिन ठेवलं असेल तर खरा एसएमएस येणार नाही. ओटीपी टर्मिनलमध्येच छापून येतो. त्यामुळे कुठलाही काल्पनिक नंबर टाकून दहा-वीस 'विद्यार्थी' तयार करता येतात.

'जेवायला आहे' दाबा. यूआयमध्ये 'हजेरी'त नोंद आली का बघा. मग 'एकूण'मधला आकडा वाढला का बघा. नसेल वाढला तर 'लॉग्ज' टॅबमध्ये फंक्शनची एरर सापडेल. फंक्शनचा कोड जावास्क्रिप्टमध्ये असेल तर फाइल सेव्ह केली की एम्युलेटर नवा कोड आपोआप उचलतो. खऱ्या क्लाउडवर प्रत्येक बदलानंतर डिप्लॉय होईपर्यंत वाट बघावी लागते, तो वेळ इथे वाचतो.

## पायरी ६: फोनवर उघडा

मेसमध्ये मुलं लॅपटॉप घेऊन येणार नाहीत. ॲप फोनवरच तपासायला हवं आणि बहुतेक जण इथेच अडकतात.

फोनच्या ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट ५०००' टाकलं तर काहीच उघडत नाही. कारण सोपं आहे: लोकलहोस्ट म्हणजे 'मी स्वतः'. लॅपटॉपवर त्याचा अर्थ लॅपटॉप, फोनवर त्याचा अर्थ फोन. आणि फोनवर तर एम्युलेटर चालूच नाही.

मार्ग अ: वायफायवरून. फोन आणि लॅपटॉप एकाच वायफायवर घ्या. 'फायरबेस डॉट जेसन'मध्ये प्रत्येक एम्युलेटरचा होस्ट '०.०.०.०' करा, म्हणजे तो बाहेरून आलेली रिक्वेस्टही ऐकेल. लॅपटॉपचा आयपी पत्ता शोधा, समजा १९२.१६८.१.५ आहे. फोनमध्ये हा पत्ता, कोलन आणि ५००० टाका.

पान उघडलं, पण डेटा येत नाही? मग कोडमध्ये होस्ट म्हणून 'लोकलहोस्ट' हा शब्द तसाच लिहिलेला असणार. त्याऐवजी ब्राउझरच्या पत्त्यातलं होस्टनेम वापरा, म्हणजे लॅपटॉपवर आणि फोनवर दोन्हीकडे बरोबर पत्ता लागेल. पानच उघडत नसेल तर विंडोजचं फायरवॉल बघा. कॉलेजच्या वायफायवर अनेकदा एका उपकरणाला दुसरं दिसू देत नाहीत. तिथे फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडा. काम झालं की होस्टची सेटिंग परत पूर्ववत करा, विशेषतः सार्वजनिक वायफायवर जाण्याआधी.

मार्ग आ: यूएसबी केबलने. अँड्रॉइड फोनवर डेव्हलपर ऑप्शन्समधून यूएसबी डीबगिंग चालू करा. लॅपटॉपवर एडीबी असेल तर 'एडीबी रिव्हर्स' ही कमांड ५०००, ८०८०, ९०९९ आणि ५००१ या प्रत्येक पोर्टसाठी चालवा. आता फोनवरचा लोकलहोस्ट केबलमधून थेट लॅपटॉपवर पोहोचतो. कोडमध्ये काहीच बदलावं लागत नाही.

दुसऱ्या मार्गाचा आणखी एक फायदा आहे. कॅमेरा, लोकेशन आणि सर्व्हिस वर्कर या गोष्टी ब्राउझर फक्त सुरक्षित एचटीटीपीएस पानावर चालू देतो. लोकलहोस्टला मात्र तो सूट देतो. म्हणजे १९२.१६८ वाल्या पत्त्यावर क्यूआर स्कॅनर चालणार नाही, केबलने चालेल.

फोनऐवजी अँड्रॉइड स्टुडिओमधला फोन वापरत असाल तर लॅपटॉपचा पत्ता '१०.०.२.२' असतो, हे लक्षात ठेवा.

## पायरी ७: सिक्युरिटी रूल्स मोडून बघा

फायरस्टोअरमध्ये कोण काय वाचू-लिहू शकतो, हे सिक्युरिटी रूल्सच्या फाइलमध्ये लिहितात. ॲपमधलं बटण लपवलं म्हणजे डेटा सुरक्षित झाला, असं होत नाही. बटणाशिवायही डेटाबेसला थेट रिक्वेस्ट पाठवता येते. त्यामुळे खरा पहारेकरी म्हणजे ही फाइल.

मेस ॲपसाठी नियम साध्या मराठीत असे:

- विद्यार्थ्याचं डॉक्युमेंट फक्त त्याच विद्यार्थ्याने वाचावं.
- हजेरी फक्त स्वतःच्या नावाने नोंदवावी.
- 'एकूण' लॉगिन केलेल्या कोणीही वाचावं, पण ॲपमधून कोणीही लिहू नये. तिथे फक्त फंक्शन लिहील.

सर्व्हरवरचं फंक्शन ॲडमिन लायब्ररी वापरतं आणि तिला हे रूल्स लागू होत नाहीत. म्हणून 'एकूण'ला सगळ्यांसाठी लिहिणं बंद केलं तरी फंक्शनचं काम चालू राहतं.

आता मुद्दाम नियम मोडायचा प्रयत्न करा. 'अ' म्हणून लॉगिन करून 'आ'चा मोबाइल नंबर वाचायला बघा. लॉगिन न करता हजेरी लिहायला बघा. 'एकूण'मध्ये ५०० टाकून बघा. तिन्ही वेळा परवानगी नाकारल्याची एरर यायला हवी. यूआयमध्ये फायरस्टोअरच्या 'रिक्वेस्ट्स' टॅबवर रिक्वेस्ट कोणत्या नियमावर अडली, तेही दिसतं.

इथे तीन खाचखळगे आहेत:

1. एम्युलेटर यूआयमध्ये हाताने केलेले बदल रूल्सना जुमानत नाहीत. तिथे नोंद झाली म्हणजे ॲपमधूनही होईल, असं समजू नका. उलटही नाही.
2. रूल्सची फाइल 'फायरबेस डॉट जेसन'मध्ये जोडलेली नसेल तर एम्युलेटर सगळ्यांना सगळं करू देतो. सुरू होताना तो तशी वॉर्निंग देतो. ती वाचा.
3. रूल्स म्हणजे चाळणी नव्हे. 'सगळे विद्यार्थी दे' असं मागितलं तर डेटाबेस तुमच्यापुरतं गाळून देत नाही, पूर्ण रिक्वेस्टच नाकारतो. जेवढं मिळायची परवानगी आहे तेवढंच मागायचं.

या चाचण्या दर वेळी हाताने करायचा कंटाळा येतो. त्यासाठी फायरबेसची रूल्स तपासणारी टेस्ट लायब्ररी आहे. 'एम्युलेटर्स कोलन एक्झेक' या कमांडला टेस्टची स्क्रिप्ट दिली की ती एम्युलेटर सुरू करते, टेस्ट चालवते आणि बंद करते.

## डेटा गेला कुठे?

एम्युलेटर बंद केला की डेटाबेस रिकामा होतो. हा बिघाड नाही, तो तसाच बनवलेला आहे. दर वेळी कोरी पाटी मिळते. पण वीस विद्यार्थी रोज नव्याने भरायचे नसतील तर सुरू करताना दोन पर्याय जोडा: 'इम्पोर्ट' आणि 'एक्स्पोर्ट ऑन एक्झिट'. दोन्हींना एकच फोल्डर द्या.

बंद करताना कंट्रोल आणि सी एकदाच दाबा आणि थांबा. घाईत दुसऱ्यांदा दाबलं तर एम्युलेटर तिथल्या तिथे बंद होतो आणि एक्स्पोर्ट अर्धवट राहतो. आणखी एक: चाचणीसाठी मित्रांचे खरे नंबर भरू नका. हे फोल्डर गिटहबवर गेलं तर नंबरही जातील.

## एम्युलेटर कुठे कमी पडतो?

एम्युलेटर म्हणजे सराव सामना. सरावात काही गोष्टी होतच नाहीत.

- इंडेक्स: दोन-तीन अटी एकत्र लावून शोधायचं तर खऱ्या फायरस्टोअरमध्ये अनेकदा कंपोझिट इंडेक्स बनवावा लागतो. एम्युलेटर इंडेक्स नसतानाही उत्तर देतो. लॅपटॉपवर चाललेली यादी लाइव्ह गेल्यावर एरर देते, त्याचं हे नेहमीचं कारण.
- मर्यादा: खऱ्या डेटाबेसच्या सगळ्या मर्यादा एम्युलेटर पाळत नाही आणि मोफत कोटाही मोजत नाही. म्हणून एका स्क्रीनसाठी किती डॉक्युमेंट आली, ते कोडमध्येच मोजून लॉग करा.
- परवानग्या: क्लाउडमधल्या खात्यांच्या आयएएम परवानग्या एम्युलेटर बघत नाही.
- लॉगिन टोकन: ऑथ एम्युलेटरच्या टोकनवर खरी सही नसते. ते फक्त चाचणीपुरतं चालतं.
- वेग: सगळं एकाच मशीनवर असल्याने उत्तर झटकन येतं. खऱ्या नेटवर, त्यातही कमी रेंजमध्ये, तसं नसतं. 'लोड होत आहे' असं दाखवणारी स्क्रीन बनवाच.

## फायरबेस नको असेल तर?

कल्पना तीच, नावं वेगळी:

- लोकलस्टॅक: ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसमधल्या अनेक सेवांची नक्कल. डॉकरमध्ये चालतो, पोर्ट ४५६६.
- डायनॅमोडीबी लोकल: ॲमेझॉनने स्वतः दिलेला, फक्त डायनॅमोडीबी डेटाबेससाठी. पोर्ट ८०००.
- ॲझ्युराइट: मायक्रोसॉफ्ट ॲझ्युरच्या स्टोरेजसाठी. पोर्ट १०००० ते १०००२.
- सुपाबेस सीएलआय: टेबलवाला पोस्टग्रेस डेटाबेस हवा असेल तर. यालाही डॉकर लागतं.

डॉकरवाले पर्याय रॅम जास्त खातात. लॅपटॉपची रॅम कमी असेल तर फायरबेसपासून सुरुवात केलेली बरी.

## खऱ्या क्लाउडवर जाण्याआधीची यादी

1. जागा निवडा. डेटाबेसचं लोकेशन एकदा ठरलं की बदलता येत नाही. गूगल क्लाउडचा मुंबई रीजन २०१७ पासून आहे. महाराष्ट्रातल्या मेससाठी तोच घ्या. फंक्शन्सचा रीजनही कोडमध्ये स्पष्टपणे मुंबईचा लिहा, कारण डीफॉल्ट अमेरिकेतला असतो.
2. रूल्स आधी, ॲप नंतर. टेस्ट मोड न निवडता डेटाबेस बनवा आणि तपासलेले रूल्स सगळ्यात आधी डिप्लॉय करा.
3. इंडेक्स बनवा. प्रत्येक स्क्रीन एकदा खऱ्या डेटाबेसवर उघडून बघा. इंडेक्स हवा असेल तर एररमध्येच तो बनवायची लिंक येते.
4. एम्युलेटर सेटिंग 'नाही' करा. तळाची इशारा पट्टी गेली का बघा.
5. फंक्शन स्वतःलाच जागं करत नाही ना, हे पुन्हा वाचा. ज्या कलेक्शनमधल्या बदलावर ते चालतं, त्यातच ते लिहीत नसावं. लिहायलाच हवं असेल तर खरंच काही बदललंय का, हे आधी तपासून नसेल तर तिथेच थांबवा.
6. बजेट अलर्ट लावा. तो खर्च थांबवत नाही, पण ईमेल वेळेत बघितला तर तुम्ही थांबवू शकता.
7. आधी दहा जणांना द्या. एका मजल्यावरच्या मुलांना आठवडाभर वापरू द्या, रोज रीडचा आकडा बघा आणि तो दहा जणांवरून दोनशेवर नेऊन हिशोब मांडा. कोट्यात बसत असेल तरच सगळ्या हॉस्टेलला लिंक पाठवा.

## नेहमीचे प्रश्न

एम्युलेटरवरचं ॲप मित्राला लिंक पाठवून दाखवता येईल का? एकाच वायफायवर असाल तर हो. दुसऱ्या गावातल्या मित्राला नाही. एम्युलेटर हा सर्व्हर नाही, तो खऱ्या लोकांसाठी कायम चालू ठेवायचा नसतो.

फायनल इयर प्रोजेक्टचा डेमो एम्युलेटरवर दिला तर चालेल का? तांत्रिकदृष्ट्या नक्कीच. हॉलमध्ये नेट गेलं तरी डेमो चालेल. फक्त परीक्षकांना ते एम्युलेटरवर आहे हे आधीच सांगा आणि खऱ्या क्लाउडवर काय वेगळं होईल याची तयारी ठेवा. वरची 'कुठे कमी पडतो' ही यादी त्यासाठी कामाला येईल.

लॅपटॉपच नसेल तर? कॉलेजच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर नोड आणि जावा आहेत का विचारा. कोड गिटवर ठेवा, एक्स्पोर्ट केलेला चाचणीचा डेटा पेनड्राइव्हवर घ्या आणि कोणत्याही मशीनवर त्याच जागेपासून पुढे सुरू करा.